एडनच्या पाहुण्याचे दोन शब्द

मी सिंगापूरला महिनाभर राहून आले हे कळल्यापासून कराडात जो भेटतो तो विचारतो, "मग, काय काय पाहिलंत?" मी म्हणते, येमेन. समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीनं बघतो आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला लागतो. पण खरं तेच आहे. काचेच्या घुमटातला धबधबा, तीन इमारतींच्या डोक्यावर ठेवलेली ती गच्ची, फुलांच्या बागा, हे सगळं जावयानं इमानेइतबारे दाखवलं आणि मीही इमानेइतबारे पाहिलं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते त्यातल्या एका आठवड्याबद्दल. तो आठवला की अजून माझं डोकं तापतं.

मी आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी युद्धाची बातमी आली की हात नकाशाकडे जातो. घरचे म्हणतात ही खोड आहे, आणि ती आहेच.

क्वीन्सटाउन, बुधवार

माझी मुलगी केतकी क्वीन्सटाउनला एका जुन्या सरकारी वसाहतीत, नवव्या मजल्यावर राहते. जावई निखिल आंग मो किओला एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनिअर. नात इरा दहा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं उत्तम चालतं. खाली कॉफी शॉप आहे. तिथला चहा म्हणजे आटवलेल्या गोड दुधात बुडवलेला चहाची आठवण आहे, पण सकाळी सात वाजता शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा मान डोलवून नमस्कार करतात, त्यासाठी मी तो रोज प्याले.

इथं कपडे खिडकीबाहेर लांब बांबूंवर वाळत घालतात. बांबूत कपडे ओवायचे आणि भाल्यासारखा तो बाहेरच्या खोबणीत खोचायचा. केतकी म्हणत होती, आई, तू नको करूस. मी केलंच. बुधवारी सकाळी माझी इरकली साडी वाऱ्यावर सुटली आणि खालच्या मजल्यावरच्या बांबूला जाऊन गुंडाळली.

थोड्या वेळानं बेल वाजली. दारात साठीकडे झुकलेला एक उंच गृहस्थ, हातात माझी साडी, इस्त्रीच्या दुकानातून आणावी तशी घडी घातलेली.

"बाई, तुमचं जहाज आमच्या धक्क्याला लागलं," तो म्हणाला.

हे शिरीष तोडणकर, मूळचे हर्णैचे. बरीच वर्षं जहाजावर इंजिनिअर होते, आता इथल्या बंदरावर बसून कंपनीची जहाजं सांभाळतात. चहा झाला, पोहे झाले आणि विषय निघाला तांबड्या समुद्राचा.

"तिथून जहाजं न्यायची म्हणजे जिवाशी खेळ झालाय. आमची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात," शिरीष म्हणाले. "आपली किती पोरं आहेत जहाजांवर. त्यांच्या बायका मला विचारतात, तिथं नक्की कोण कुणाशी भांडतंय? म्हटलं, मला कशाला विचारता? माझा दोस्त आहे सलीम, येमेनमधल्या एडनचा. एका जहाजावर होतो आम्ही. शनिवारी आपल्या बैठकीत त्यालाच बोलावलाय."

किती शहाणपणाची गोष्ट, मला वाटलं. ज्याचं घर जळतंय त्यालाच विचारायचं. हा आनंद पोहे संपेपर्यंत टिकला.

'शनिवारची बैठक' म्हणजे इथल्या काही मराठी कुटुंबांचा गट. महिन्यातून एकदा जमतात, कुणीतरी बोलतं, मग जेवतात. गेल्या गणपतीत फलकावर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून त्याचे दोन तुकडे झाले होते. एक बुकित तिमाहच्या कॉन्डोवाल्यांचा, म्हणजे महागड्या खासगी सोसायट्यांत राहणाऱ्यांचा, त्याचे पुढारी बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले विवेक कारखानीस. दुसरा क्वीन्सटाउनचा, आणि त्याचा पुढारी कोण, तर आमचा निखिल. हे मला तेव्हा कळलं. एरवी जावई इतका मवाळ, की भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाही.

"कारखानीस म्हणतात अध्यक्ष आमचा, हा म्हणतो आमचा," केतकी कप उचलता उचलता म्हणाली. "शेवटी ठरलं, अध्यक्ष बाहेरचाच आणायचा. तटस्थ. आणि तू आलेलीच आहेस."

आता लपवून काय करू, मला बरं वाटलं. अध्यक्षपदाला नाही म्हणणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. इरानं मात्र पुस्तकातून डोकं वर काढून माझ्या पदाची किंमत केली. "आजी, यू प्रेसिडेंट फॉर टू आवर्स ओन्ली, लाह." इथली माणसं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावतात, आपण 'ना' लावतो तसा.

अरब स्ट्रीट, गुरुवार

अध्यक्षानं वक्त्याला आधी भेटावं असं मला वाटतं. म्हणून शिरीष मला सलीमकडे घेऊन गेले. अरब स्ट्रीटवर सोनेरी घुमटाची मशीद, गालिच्यांची दुकानं, आणि मुर्तबाक विकणारी हॉटेलं. मुर्तबाक म्हणजे पातळ पोळीत खिमा, अंडं, कांदा भरून तव्यावर दाबलेला चौकोन. माझ्यासाठी नुसत्या कांद्या-मशरूमचा मागवला. सोबत करीची वाटी. आपल्याकडे पाहुण्याला वाढताना "अजून घ्या, अजून घ्या" चालतं. इथं वेटरनं ताट ठेवलं आणि तो निघून गेला. सलीमनं मात्र मला न विचारता माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. मी मनात म्हटलं, हा आपल्यातला.

"हा पदार्थ आमच्याकडून इकडे आला," तो इंग्रजीत म्हणाला. सलीम पन्नाशी ओलांडलेला, ठेंगणा, बोलता बोलता टेबलावरची साखर, पेला, चमचा एका रेषेत लावत राहणारा. शेजारी त्याची मुलगी हुदा, अठरा वर्षांची, डोक्याला निळा रुमाल, डोळे फोनमध्ये. आई इथल्याच जुन्या अरब घराण्यातली. मुलगी वाढली ती इथंच.

मी विचारलं, "हुदा, तू कुठली?"

"हिअर, लाह, आंटी."

सलीम हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

एडन म्हटलं की आम्हाला काय आठवतं, ते मी त्याला सांगितलं. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात आमचा एक क्रांतिकारक आहे, सशस्त्र बंड केलेला. त्याला इंग्रजांनी पकडून एडनच्या तुरुंगात ठेवलं आणि तिथंच तो गेला. आमच्याकडे एडन म्हणजे तेवढंच.

सलीमला हे माहीत नव्हतं. "आमच्याकडे बॉम्बे म्हणजे साहेबाचं ऑफिस," तो म्हणाला. "इंग्रज आमच्याकडे लंडनहून नाही आले. बॉम्बेहून आले. शिपाई तुमचे, कारकून तुमचे, रुपया तुमचा. माझी आजी आंब्याचं लोणचं घालायची, त्याला आम्ही उशार म्हणतो. तेही तुमचंच. तुम्हाला आम्ही तुरुंग, आम्हाला तुम्ही कारकून."

मला हे माहीत होतं. एडनचा कारभार जवळजवळ शतकभर मुंबईहून चालला, हे मी वर्गात एका वाक्यात सांगून पुढे जायची. पण त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस समोर बसून करीची वाटी माझ्याकडे सरकवतोय, हे वेगळं होतं.

हुदा चहा आणायला उठली तसा सलीम खालच्या आवाजात बोलायला लागला. "मॅडम, सोमवारी मी जहाजावर चढतो. परत येईन तोवर ही ऑस्ट्रेलियाला शिकायला गेलेली असेल. घरी मी एडनचं नाव काढलं की हिच्या हातात फोन येतो. तिचं चुकतं असं मी म्हणत नाही. तिनं एडन पाहिलं ते बातम्यांत, पडक्या भिंती. माझ्या तोंडून ऐकलं तेव्हा ऐकल्या शिव्या. चारचौघांच्या सभेत तिला शेवटपर्यंत बसावं लागेल. म्हणून मी शिरीषला हो म्हणालो. मला अर्धा तास पुरे."

"अर्धा तास तुमचा," मी म्हटलं. "अध्यक्ष मी आहे."

हे वाक्य मी ज्या ऐटीत म्हटलं त्याची मला अजून लाज वाटते.

बुकित तिमाह, शनिवार

कारखानिसांच्या कॉन्डोत पोहण्याच्या तलावाला लागून एक छोटा हॉल आहे. तो चार ते सहा ठरवलेला. सहाला एक मिनिट इकडेतिकडे चालत नाही. सोमवार ते शुक्रवार घड्याळाच्या काट्यावर धावणारी ही माणसं शनिवारी चार वाजता एकदम महाराष्ट्रात परततात. साडेचारला निम्म्या खुर्च्या भरल्या. सलीम पावणेचारलाच येऊन बसला होता, निळ्या कोटात, हातात घडी घातलेला एक कागद. हुदा दुसऱ्या रांगेत.

आधी दीपप्रज्वलन. हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी, म्हणून बॅटरीची समई आणलेली. ती लागेना. कुणी म्हणालं सेल उलटे घातलेत, कुणी म्हणालं सेलच नाहीत. एक जण दुकानात पळाला. तो येईपर्यंत समईशिवाय सुरुवात करावी की नाही यावर दोन्ही गटांची दोन मतं. शेवटी समई लागली, आणि लागली ती अशी की लाल-हिरवी उघडझाप करायला लागली. ती बंद करायचं बटण कुणाला सापडलं नाही. पुढचा सगळा कार्यक्रम त्या उघडझापीत झाला.

मग इराचं स्वागतगीत. नात माझी, तरी सांगते, दुसऱ्या कडव्याची गरज नव्हती.

मग कारखानिसांचं प्रास्ताविक. प्रास्ताविक म्हणजे पाहुण्याची ओळख करून द्यायची आणि बसायचं, असं मी समजत होते. कारखानिसांनी पडद्यावर येमेनचा नकाशा लावला. त्यावर बाण. लाल बाण, निळे बाण, हिरवे बाण. उत्तरेत राजा आणि प्रजासत्ताकवाले भांडले तेव्हा इजिप्तचं सैन्य एकाच्या बाजूनं आणि सौदीचा पैसा दुसऱ्याच्या बाजूनं कसा आला, दक्षिणेत इंग्रज गेल्यावर रशिया कसा आला, मग दोन्ही येमेन एक कसे झाले आणि पुन्हा कसे फाटले, हे सगळं त्यांनी सांगितलं. माहिती चुकीची होती असं नाही. पण ती मराठीत होती, आणि ज्याच्या देशाबद्दल होती तो माणूस पडद्याखाली बसून आपल्या गावावरून जाणारा निळा बाण हसऱ्या चेहऱ्यानं बघत होता.

प्रास्ताविक बुकित तिमाहनं केलं म्हटल्यावर क्वीन्सटाउनला बरोबरीचा वेळ हवा. आमचा निखिल उठला. "मी फक्त तोडगा मांडतो," म्हणाला. भाजीत मीठ न मागणाऱ्या माझ्या जावयानं लेझरच्या लाल ठिपक्यानं येमेनचे तीन तुकडे केले, बंदरं एका शेजाऱ्याला दिली, डोंगर दुसऱ्याला, आणि टाळ्या घेतल्या. मी घड्याळाकडे बघितलं. मग सलीमकडे. त्याचा कागद आता कोटाच्या खिशात गेला होता. हुदाचा फोन बाहेर आला होता.

मग सत्कार. शाल, नारळ, आणि कारखानिसांनी खास पुण्याहून आणवलेली लाल पगडी. ती सलीमच्या डोक्याला मोठी होती, भुवयांपर्यंत आली. फोटो. क्वीन्सटाउनचा फोटो, बुकित तिमाहचा फोटो, महिलांचा फोटो. फोटोच्या गडबडीत सलीम माझ्या कानाशी पुटपुटला, "मॅडम, इंग्रजही आधी शेखांना पोशाख द्यायचे. तोफांची सलामी. मग सहीसाठी कागद पुढे करायचे."

सहाला पंधरा मिनिटं उरली होती. निवेदिका माइकवर गोड आवाजात म्हणाली, "वेळेअभावी पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत, त्यानंतर अध्यक्षीय समारोप, आणि आभार." आभार कुणी मानायचे यावरून मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली होती, आणि कुजबुजीचा आवाज चढत होता.

मी उठले. मला वाटतं खुर्ची मागे पडली.

"आयुष्यभर मी पोरांना तैनाती फौज शिकवली," मी म्हटलं. "घरात दोघं भांडतात, त्यातला एक बाहेरच्याला बोलावतो, आणि बाहेरचा एकदा आला की खुर्ची टाकून बसतो. आपल्या पेशव्यांच्या घरात काकानं हेच केलं. तुम्ही शिकलात, पाठ केलंत, मार्क मिळवलेत. आणि फलकावरच्या नावावरून भांडून अध्यक्ष कराडहून मागवलात! आणलाय ना मला? मग आता मुकाट्यानं बसा. समारोप नाही. आभार नाहीत. कुणी उठायचं नाही. मिस्टर सलीम, प्लीज."

हॉल चिडीचूप झाला. समई लाल-हिरवी होत होती.

सलीमनं पगडी काढली नाही, आणि कागदही काढला नाही. तो हुदाकडे बघून इंग्रजीत बोलायला लागला.

"तुम्ही बाण बरोबर दाखवलेत," तो म्हणाला. "पण बाण आपोआप येत नाहीत. आमच्याकडे जो जो आला, त्याला आमच्यातल्याच कुणीतरी बोलावलं होतं. चुलतभावाला हरवायला बोलावलं, शेजारच्या टोळीला हरवायला बोलावलं. ज्याला बोलावलं त्यानं बोलावणाऱ्याला राजा केलं, आणि मग तो राजा आमच्यापेक्षा त्याचंच ऐकायला लागला. आता आमचं सरकार कुठलं, हे दुसऱ्याच्या राजधानीत, हॉटेलात बसून ठरतं. मी इंजिनिअर आहे, राजकारणातलं मला कळत नाही. मी माझ्या वडिलांचं सांगतो.

"शेवटचे इंग्रज एडनमधून गेले त्या दिवशी सगळं गाव बंदरावरच्या टेकड्यांवर चढलं होतं. माझे वडील तरुण होते, धक्क्यावर क्रेन चालवायचे. शेजारी माझे काका. दोघे भाऊ दोन पक्षांत. एकमेकांच्या पक्षानं एकमेकांची माणसं मारलेली, घरात बोलणं बंद. त्या दिवशी किती वर्षांनी शेजारी उभे. जहाज लहान लहान होत गेलं. वडील काकांकडे वळले आणि म्हणाले, आता भांडलो तर बोलवायला कुणी नाही. तेव्हा माझ्या काकांनी..."

"सर, वन क्वेश्चन," कारखानिसांचा हात वर. "इन युअर ओपिनियन, व्हॉट इज द सोल्यूशन?"

"आणि उत्तरवाले बरोबर की दक्षिणवाले?" हा निखिल. माझा जावई. "म्हणजे, तुम्ही स्वतः कुठल्या बाजूचे?"

सलीमचा हात टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या एका रेषेत लावायला लागला. तो काही बोलणार तोच दुसऱ्या रांगेत खुर्ची सरकली. हुदा उभी होती. फोन खुर्चीवर उपडा.

"अंकल, कॅन यू ऑल लेट माय फादर फिनिश?"

कारखानिसांचा हात हळूहळू खाली आला. तेवढ्यात दार उघडून रखवालदार अंकल आत डोकावले. "सॉरी, आंटी. सिक्स ओक्लॉक ऑलरेडी. मस्ट क्लोज, लाह." आणि वातानुकूलन बंद झालं.

त्यानंतर जे झालं ते कुठल्याही मराठी कार्यक्रमात होतं तेच. खुर्च्या गोळा करा, फलक उतरवा, बिर्याणीचे डबे कुठं ठेवलेत, माझी पिशवी कुणी नेली. मघाशी चिडीचूप झालेला हॉल मिनिटात बाजार झाला. मी तिथं डोक्याला हात लावून उभी होते. शब्द दिला होता अर्ध्या तासाचा, आणि मिळवून दिली होती मोजून काही वाक्यं, तीही अर्धी. मला इतका संताप आला होता, की डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर अजून ऊन होतं. तलावात पोरं उड्या मारत होती. तलावाच्या पलीकडे एका लांब पांढऱ्या बाकावर सलीम आणि हुदा बसले होते. पगडी दोघांच्या मध्ये बाकावर. हुदा त्याच्याकडे पूर्ण वळून बसली होती. मी जवळ गेले तेव्हा तिचं वाक्य कानावर आलं, "देन? काकानं काय केलं?" ती इंग्रजीत विचारत होती. सलीमनं इंग्रजीत सुरुवात केली, अडखळला, आणि मग अरबीत बोलायला लागला. ती त्याला थांबवेना. मधूनच एखादा शब्द विचारी, तो हातानं दाखवी, एवढी उंच टेकडी, एवढं लहान झालेलं जहाज.

मला त्या काकाचं उत्तर हवं होतं. खरं सांगते, मला ते हुदाइतकंच हवं होतं. भावानं भावाला काय सांगितलं त्यावर त्या देशाचं पुढचं सगळं उभं आहे, असं मला वाटत होतं. माझ्याकडे प्रश्न होते. आयुष्यभराचे होते. बाकावर तिसऱ्या माणसाला जागाही होती, पगडी उचलली असती तर.

मी बाकापासून मागे फिरले.

समोरून कारखानीस येत होते, हातात मोबाइल. "बाई, अध्यक्ष आणि पाहुणे, एक फोटो राहिला." त्यांच्यामागे निखिल, बिर्याणीचे दोन डबे घेऊन, चेहरा पडलेला. त्यांच्यामागे शिरीष. मी दोन्ही हात आडवे केले, वर्गाच्या दारात उशिरा आलेल्या पोरांना अडवायची तशी.

"कुणी पलीकडे जायचं नाही."

"पण आई, त्यांना सांगू तरी, जेवण गार होतंय," निखिल म्हणाला.

"होऊ दे."

आम्ही चौघं तलावाच्या अलीकडे उभे राहिलो. पलीकडे सलीम बोलत होता. हुदा मध्येच हसली, मग तिनं तोंडावर हात ठेवला आणि ती बापाच्या खांद्याला टेकली. काय ऐकलं तिनं, ते मला आजही माहीत नाही. सोमवारी सलीम गेला. पुढच्या महिन्यात ती गेली.

शिरीष बऱ्याच वेळानं माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाले, "बाई, पण आभार राहिले."

"राहू देत," मी म्हटलं.